बंगालच्या हातपंपांतील आर्सेनिक

गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना या नद्यांनी हिमालयातून वाहून आणलेल्या गाळावर बंगालचा त्रिभुज प्रदेश तयार झाला आहे. आजचा जवळजवळ सगळा बांगलादेश आणि पश्चिम बंगालचा भागीरथीच्या पूर्वेकडचा मोठा पट्टा याच गाळावर वसलेला आहे. पाण्याचा इथे कधी तुटवडा नव्हता, पण पिण्याजोग्या पाण्याचा होता. घराचा चौथरा पुरापासून उंच राखण्यासाठी माती खणायची आणि त्या खड्ड्याचे तळे व्हायचे, अशी गावांची रचना असे. त्याच तळ्यात आंघोळ, धुणीभांडी आणि गुरांचे पाणी चाले. पिण्याचे पाणीही बहुतेक घरांत तिथलेच, नाहीतर नदीचे किंवा उघड्या विहिरीचे असे. पटकी आणि हगवण यांनी पिढ्यान्‌पिढ्या माणसे मरत, आणि त्यांत लहान मुलांचे प्रमाण सर्वांत जास्त असे. एकोणिसाव्या शतकात जगभर पसरलेल्या पटकीच्या साथींचे मूळ स्थान म्हणून बंगालकडेच बोट दाखवले जाई.

यावर उपाय म्हणून जमिनीखालचे पाणी पुढे आले. वाळूच्या थरांतून गाळून आलेल्या पाण्यात रोगजंतू जवळपास नसतात, हे खरे होते. हातपंप विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही बसवले जात होते, पण १९७१च्या मुक्तियुद्धानंतर बांगलादेशात युनिसेफ आणि सरकारचे सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी खाते यांनी ही मोहीम मोठ्या प्रमाणावर हाती घेतली. सीमेपलीकडे पश्चिम बंगालमध्येही सरकारी आणि खासगी हातपंपांची संख्या त्याच सुमारास झपाट्याने वाढत गेली.

कूपनलिका इतक्या वेगाने पसरल्या, याचे एक कारण जमिनीतच होते. महाराष्ट्रात बोअर मारायची तर कातळ फोडणारे यंत्र लागते. बंगालच्या मऊ गाळात तीन-चार माणसे, बांबूची परांची आणि लोखंडी नळ्या एवढ्यावर काम होई. बांबूच्या तरफेने नळी वरखाली हलवायची आणि परांचीवर बसलेल्या कारागिराने नळीच्या तोंडावर तळहात दाबून-उचलून झडपेचे काम करायचे. नळी खाली येताना पाणी आणि वाळू उसळून बाहेर पडे आणि नळी थोडी आत सरके. भोक ढासळू नये म्हणून पाण्यात शेण कालवले जाई. वीस-तीस मीटर खोलीची कूपनलिका या रीतीने एखाद्या दिवसात तयार होई. वर ओतीव लोखंडाचा हातपंप बसवला की घरच्या अंगणात पाणी आले. सुरुवात सरकारी अनुदानाने झाली खरी, पण पुढे बहुसंख्य पंप लोकांनी स्वतःच्या पैशांनी बसवून घेतले. मुलीच्या किंवा सुनेच्या डोक्यावरचा लांबच्या पाण्याचा घडा उतरला, ही त्यातली सर्वांत मोठी सोय होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस बांगलादेशातल्या पंपांची संख्या काही दशलक्षांत गेली होती, आणि १९९७ साली युनिसेफने आपल्या अहवालात देशातल्या ८० टक्के लोकांना सुरक्षित पाणी पुरवण्याचे उद्दिष्ट ओलांडल्याचे नोंदवले.

त्या काळात बालमृत्यू घटले, हेही या हिशेबात धरले पाहिजे. त्याचे श्रेय एकट्या पंपाला देता येत नाही. लसीकरण वाढले होते. शिवाय १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीचे रुग्ण वाचवून दाखवल्यावर तो उपचार घरोघरी पोचला होता. तरीही ज्यांनी पंप बसवले त्यांचा हेतू आणि त्यांचे त्या वेळचे ज्ञान यांत काही खोट नव्हती. चूक पुढच्या टप्प्यावर होती. पंपाच्या पाण्यात जंतू, क्षार, लोह यांची तपासणी होई, पण आर्सेनिकची होत नसे. आर्सेनिक म्हणजे खाणी, कारखाने आणि ज्वालामुखीचे खडक, असा तेव्हाचा समज होता. नदीच्या गाळात ते धोकादायक प्रमाणात सापडेल असे कोणाच्या डोक्यात आले नाही. वास्तविक तैवानच्या नैऋत्य किनाऱ्यावर खोल विहिरींच्या पाण्यातल्या आर्सेनिकमुळे त्वचेचे कर्करोग आणि पाय काळे पडून झडण्याचा रोग होतो, हे ४० हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीतून १९६८ सालीच प्रसिद्ध झाले होते. अर्जेंटिना आणि चिली इथलीही उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात होती. ही माहिती आणि बंगालचे पंप यांची गाठ कोणी घालून दिली नाही.

आर्सेनिक पाण्यात असेल तर त्याला ना रंग येतो, ना वास, ना चव. सोमल म्हणून जुन्या काळापासून मारेकऱ्यांना ते प्रिय होते ते याच गुणामुळे. पंपाच्या पाण्यात ते इतके थोडे असते की पिणाऱ्याला दिवसा-महिन्यात काहीच जाणवत नाही. शरीर त्याचा काही भाग यकृतात रूपांतरित करून लघवीवाटे टाकते, उरलेले पेशींमधल्या गंधकयुक्त प्रथिनांना चिकटून त्यांचे काम बिघडवते, केसांत आणि नखांत साठते. पाच-दहा वर्षांनी छातीवर आणि पाठीवर पावसाचे थेंब पडावेत तसे काळे-पांढरे ठिपके उमटतात. मग तळहात आणि तळपाय खरखरीत होऊन त्यांवर टणक गाठी येतात. त्यांना भेगा पडल्या की नांगर धरणे, चालणे, भांडी घासणेही यातनादायक होते. त्यानंतरच्या टप्प्यात त्वचा, मूत्राशय आणि फुप्फुस यांचे कर्करोग असतात, आणि हृदयविकारही असतात. ठिपके दिसत नाहीत म्हणजे विष भिनले नाही, असे मुळीच नाही.

१९८३ साली कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांच्यासमोर असे ठिपके आणि गाठी घेऊन चोवीस परगण्यातले रुग्ण आले. खेड्यांत अशा रुग्णांना कुष्ठरोगी समजले जाई. साहा यांनी लक्षणे ओळखली आणि शोध रुग्णाच्या घरच्या पंपापर्यंत नेला. पाण्यात आर्सेनिक सापडले. ही माहिती १९८४ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत अशी आणखी गावे उजेडात आली. १९८७पर्यंत साहा यांच्याकडे आलेल्या रुग्णांत पूर्व सीमेपलीकडून आलेली माणसेही होती. एकाच गाळाच्या मैदानावर आखलेली राजकीय सीमा जमिनीखाली कुठेच नसते, हे या रुग्णांवरून स्पष्ट व्हायला हवे होते.

१९८८ साली जादवपूर विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ दीपंकर चक्रवर्ती या कामात उतरले. विश्लेषण रसायनात परदेशात काम केलेल्या या शास्त्रज्ञाने पुढची तीस वर्षे, २०१८ साली झालेल्या मृत्यूपर्यंत, गावोगाव फिरून पंपांचे पाणी आणि माणसांचे केस, नखे, लघवी गोळा केली. पर्यावरण अध्ययन संस्थेतल्या त्यांच्या गटाने पश्चिम बंगालमध्ये सुमारे १ लाख ४० हजार पंपांचे पाणी तपासले. त्यांपैकी ४८ टक्के पंपांत लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा आणि जवळपास २४ टक्के पंपांत ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिक होते. मालदा, मुर्शिदाबाद, नदिया, उत्तर आणि दक्षिण चोवीस परगणा हे जिल्हे सर्वांत बाधित निघाले. या आकड्यांमागची मोजपट्टी अशी: जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ५० वरून १० मायक्रोग्रॅमवर आणली. बांगलादेशाचे मानक मात्र आजही ५० आहे. भारतानेही बरीच वर्षे ५०पर्यंत सवलत ठेवली होती. तपासणीबाबतचा चक्रवर्तींचा आग्रह सरकारी यंत्रणांना अनेकदा जाचक वाटला. पण बंगालबाहेरचे नकाशेही मुख्यतः त्यांच्याच गटाने भरले. १९९९ साली त्यांनी तेव्हाच्या राजनांदगाव जिल्ह्यातले कौडीकसा गाव पुढे आणले, तर २००२ साली बिहारच्या भोजपूर जिल्ह्यातले सेमरिया ओझापट्टी आणि त्यापाठोपाठ उत्तर प्रदेशातला बलिया जिल्हा उजेडात आला. गंगेचे मैदान वरपर्यंत बाधित आहे, हे त्यातून सिद्ध झाले.

कौडीकसा महाराष्ट्राला जवळचे आहे. अंबागड चौकीच्या परिसरातला हा पट्टा गडचिरोलीच्या सीमेलगत येतो. तिथले आर्सेनिक नदीच्या गाळातले नसून प्राचीन ज्वालामुखीय आणि ग्रॅनाइट खडकांतले आहे. महाराष्ट्राचा मोठा भाग व्यापणाऱ्या बेसाल्टमध्ये हा धोका एवढा आढळत नाही. पण यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या भागांत विंधन विहिरींनी फ्लोराइड वर आणले, आणि दात डागाळलेली, हाडे ताठरलेली माणसे तिथे दिसतात. जंतू टाळण्यासाठी खोल पाण्याकडे वळायचे आणि त्या पाण्यातली रसायने तपासायची नाहीत, ही गफलत दोन्हीकडे सारखीच आहे.

बांगलादेशात पहिली अधिकृत नोंद व्हायला १९९३ साल उजाडले. चापाई नवाबगंज जिल्ह्यातल्या बडघरिया इथल्या पंपांत सरकारी खात्याला आर्सेनिक सापडले. साहा यांच्या पहिल्या निदानानंतर तोपर्यंत दहा वर्षे उलटली होती, आणि त्या दहा वर्षांत लाखो नवे पंप बसले होते. १९९५ साली चक्रवर्तींच्या संस्थेने कोलकात्यात आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. त्यानंतर ढाका कम्युनिटी हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी त्यांच्यासोबत बांगलादेशाच्या जिल्ह्याजिल्ह्यांत तपासणी सुरू केली. याच सुमारास जपानमधून एक गट आला. मियाझाकी प्रांतातल्या तोरोकू खाणीच्या आर्सेनिकने बाधित झालेल्या गावकऱ्यांच्या लढ्यातून तयार झालेले एशिया आर्सेनिक नेटवर्क जेसोर जिल्ह्यातल्या सामटा गावात पोचले. गावातला जवळजवळ प्रत्येक पंप त्यांनी तपासला, तेव्हा दहांपैकी नऊ पंप ५० मायक्रोग्रॅमच्या वर निघाले. स्वतःच्या दुःखातून शिकलेल्या लोकांनी परक्या देशातल्या शेतकऱ्यांसाठी वर्षानुवर्षे राबावे, हा या इतिहासातला सर्वांत उजळ भाग आहे.

देशव्यापी चित्र १९९८-९९च्या पाहणीत समोर आले. ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था आणि बांगलादेशाचे अभियांत्रिकी खाते यांनी ६४पैकी ६१ जिल्ह्यांतल्या ३,५३४ कूपनलिका तपासल्या. दीडशे मीटरपेक्षा उथळ कूपनलिकांपैकी २७ टक्क्यांत ५० मायक्रोग्रॅमहून आणि ४६ टक्क्यांत १० मायक्रोग्रॅमहून जास्त आर्सेनिक होते. देशाच्या मानकाने मोजले तर सुमारे साडेतीन कोटी लोक विषारी पाणी पीत होते, आणि जागतिक मर्यादेने मोजले तर पावणेसहा कोटींच्या आसपास. २००० साली कॅलिफोर्नियाचे रोगपरिस्थितिविज्ञानी ॲलन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत याला इतिहासातली सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा म्हटले. भोपाळ आणि चेर्नोबिलपेक्षाही ती मोठी होती.

त्याच ब्रिटिश संस्थेने १९९२ साली मध्य आणि ईशान्य बांगलादेशातल्या भूजलाची रासायनिक पाहणी केली होती. पाण्यातली अनेक मूलद्रव्ये तेव्हा मोजली गेली, पण त्यांत आर्सेनिक नव्हते. पुढे बाधित गावकऱ्यांच्या वतीने इंग्लंडच्या न्यायालयात दावा झाला. अहवालाने पाणी सुरक्षित असल्याचा समज पसरला आणि आरोग्य यंत्रणा बेसावध राहिल्या, असे त्यांचे म्हणणे होते. खालच्या न्यायालयाने दावा चालू द्यायचे ठरवले, अपील न्यायालयाने तो फेटाळला, आणि जुलै २००६मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनेही तोच निकाल कायम केला. बांगलादेशाच्या पाणीपुरवठ्यावर त्या संस्थेचे काही नियंत्रण नव्हते, म्हणून तेथील नागरिकांप्रति तिचे कायदेशीर दायित्व उभे राहत नाही, असा लॉर्ड हॉफमन यांच्या निवाड्याचा गाभा होता. कायद्याच्या चौकटीत तो सुसंगत असेल. पण ज्यांच्या अंगणात पंप होता त्यांच्यासाठी इंग्लंडच्या न्यायालयात दाद मागायचा दरवाजा बंद झाला, हेही तितकेच खरे.

विष आले कुठून, यावरही बरेच दिवस वाद चालला. पहिला तर्क असा होता की सिंचनासाठी प्रचंड उपसा झाल्याने भूजलाची पातळी खाली गेली, थरांत हवा शिरली, गंधक आणि लोह यांच्या पायराइट या खनिजाचे ऑक्सिडीकरण झाले आणि त्यातले आर्सेनिक सुटले. १९९८ साली रॉस निक्सन, जॉन मॅकआर्थर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकी उलटी प्रक्रिया मांडली आणि पुढच्या संशोधनाने तिलाच पुष्टी दिली. हिमालयातून वाहून येताना वाळूच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा लालसर लेप बसतो, आणि त्या लेपाला आर्सेनिक चिकटलेले असते. गेल्या दहा-बारा हजार वर्षांत साचलेल्या गाळात पालापाचोळा आणि दलदलीतली झाडेझुडपेही गाडली गेली. ती कुजताना जिवाणू पाण्यातला सगळा प्राणवायू संपवतात, आणि मग श्वसनासाठी लोहाच्या ऑक्साइडचा वापर करतात. लेप विरघळतो, आर्सेनिक पाण्यात उतरते. जिवाणूंचे हे काम २००४ साली प्रयोगशाळेत दाखवले गेले. मुन्शीगंजमधल्या अभ्यासातून तळी आणि भातखाचरांतून झिरपणारे सेंद्रिय द्रव्यही या प्रक्रियेला खतपाणी घालते का, असा प्रश्न पुढे आला, आणि त्यावर अभ्यासकांत मतभेद राहिले.

या स्पष्टीकरणातून गावकऱ्याच्या उपयोगाच्या बऱ्याच गोष्टी निघाल्या. आर्सेनिक सर्वांत जास्त असते ते साधारण १५ ते ५० मीटर खोलीवर, म्हणजे हाताने मारलेली कूपनलिका नेमकी जिथे थांबते तिथे. उथळ खणलेल्या विहिरीला हवा लागत असल्याने तिच्यात ते सहसा कमी असते, पण जंतू असतात. दीडशे मीटरखालचे जुने थर बहुतेक ठिकाणी निर्धोक आहेत. लोहाचा लेप टिकून असलेली वाळू नारिंगी दिसते, तो गेलेली वाळू करडी दिसते. बांगलादेशातल्या मतलबसारख्या भागात कूपनलिका मारणारे कारागीर वाळूच्या रंगावरूनच थर पारखू लागले, आणि त्यांचा हा अंदाज प्रयोगशाळेतल्या मोजमापांशी जुळला. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे गाळाचे थर इतके सरमिसळ आहेत की एका अंगणातला पंप विषारी आणि पन्नास-शंभर पावलांवरचा शेजाऱ्याचा पंप स्वच्छ, असे सर्रास आढळते.

म्हणूनच सर्वांत स्वस्त उपाय तपासणीचा होता. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९८मध्ये सुरू झालेल्या सरकारी प्रकल्पाने बाधित तालुक्यांतल्या सुमारे ५० लाख पंपांची जागच्या जागी चाचणी केली. मर्यादेत असलेल्या पंपाच्या तोंडाला हिरवा रंग, मर्यादेबाहेरच्या पंपाला लाल. सुमारे १४ लाख पंप लाल झाले. जगात इतरत्र एवढ्या प्रमाणावर अशी मोहीम क्वचितच झाली असेल, आणि तिने लाखो कुटुंबांची सवय बदलली. ढाक्याजवळच्या आडाईहजार उपजिल्ह्यात कोलंबिया विद्यापीठाच्या अभ्यासात तपासणी आणि समजावणी यांच्या बळावर विषारी पंप वापरणाऱ्यांपैकी बरीच कुटुंबे शेजारच्या हिरव्या पंपाकडे वळली. पण त्यातल्या अडचणीही तिथेच दिसल्या. शेजाऱ्याच्या अंगणात दिवसातून चार वेळा जायचे तर शेजाऱ्याशी संबंध चांगले हवेत. तरुण सुनेला ती मोकळीक असतेच असे नाही. हिरवा पंप गावातल्या सधन घराचा असला तर गरिबाला मिंधे व्हावे लागते. उन्हापावसाने रंग उडाले, प्रकल्प संपला, आणि त्यानंतर बसलेल्या लाखो नव्या खासगी पंपांकडे चाचणी संच घेऊन पुढची बरीच वर्षे क्वचितच कोणी गेले.

रोगाबरोबर येणारा सामाजिक जाच पाण्याच्या कोणत्याही आकड्यात दिसत नाही. हातावर गाठी आलेल्या मुलीचे लग्न ठरेना, ठरलेले मोडे. विवाहितेला माहेरी परत धाडल्याची उदाहरणे अभ्यासकांनी वारंवार नोंदवली आहेत. मुलांना शाळेत वेगळे बसवले जाई. हा संसर्गजन्य रोग आहे किंवा देवाचा कोप आहे, असे मानणाऱ्यांना तो पाण्यातून येतो हे पटवणे कठीण होते, कारण त्याच पाण्याने त्यांची मुले हगवणीपासून वाचली होती. रोग सर्वांना सारखा होतही नसे. आहारात प्रथिने आणि फोलेट कमी पडले की शरीराला आर्सेनिक बाहेर टाकणे जड जाते, त्यामुळे एकाच पंपाचे पाणी पिऊनही भूमिहीन मजुराच्या घरात आजार आधी येई.

गाळणीचे उपाय अनेक झाले. कुष्टियाचे रसायनशास्त्रज्ञ अबुल हुसाम यांनी भावाच्या मदतीने लोहाच्या चुऱ्याचे मिश्रण, वाळू, कोळसा आणि विटांचे तुकडे बादल्यांत रचून सोनो नावाची विजेशिवाय चालणारी गाळणी तयार केली. तिला २००७ साली अमेरिकेत दहा लाख डॉलरचे ग्रेंजर पारितोषिक मिळाले. घरगुती तीन कळशांची गाळणी, तळ्याचे पाणी वाळूतून गाळणारे संच, पावसाच्या पाण्याच्या टाक्या असेही प्रयोग झाले. पश्चिम बंगालमध्ये हातपंपालाच जोडायची आर्सेनिक-निवारण यंत्रे मोठ्या खर्चाने बसवली गेली. जादवपूरच्या गटाने बारुईपूरमध्ये अशी १८ यंत्रे दोन वर्षे पाहिली, तेव्हा त्यांपैकी एकही पाणी सातत्याने १० मायक्रोग्रॅमच्या खाली ठेवू शकले नाही. माध्यम धुणे, बदलणे आणि साठलेल्या विषारी गाळाची विल्हेवाट लावणे ही जबाबदारी कोणाची, हेच ठरलेले नव्हते. भागीरथीचे पाणी शुद्ध करून नळाने गावोगाव नेणाऱ्या योजना त्या मानाने अधिक टिकाऊ ठरल्या. बांगलादेशात सरकारने खोल कूपनलिकांवर भर दिला. ह्यूमन राइट्स वॉचच्या २०१६च्या अहवालाने त्यातले दुखणे दाखवले. नव्या सरकारी पाणवठ्यांपैकी निम्म्यांच्या जागा ठरवण्यात खासदारांचा शब्द चाले, आणि त्यामुळे बरेच खोल पंप गरज नसलेल्या ठिकाणी, राजकीय माणसांच्या आणि त्यांच्या आप्तांच्या दारात बसले. त्या वेळी सुमारे दोन कोटी लोक देशाच्या मानकाबाहेरचे पाणी पीतच होते. बांगलादेशात दरवर्षी अंदाजे ४३ हजार मृत्यू आर्सेनिकशी निगडित असल्याचा हिशेब २०१२ साली मांडला गेला होता.

पाण्याचा प्रश्न सुटला तरी ताटाचा सुटत नाही, हे उशिरा लक्षात आले. बंगालमध्ये पूर्वी भात मुख्यतः पावसावर होई. १९८०च्या दशकाच्या अखेरीस पंप आणि इंजिने स्वस्त झाली, उथळ कूपनलिकांवर उन्हाळी बोरो धान पसरले, आणि ते बांगलादेशाच्या एकूण तांदळाच्या निम्म्याहून अधिक झाले. देशाची अन्नाची चिंता त्याने दूर केली. पण बोरोला लागते ते पाणी त्याच उथळ थरांतले. दरवर्षी शेकडो टन आर्सेनिक या पाण्याबरोबर शेतात येते. २००३ साली अँड्र्यू मेहार्ग आणि मझिबुर रहमान यांनी केलेल्या पाहणीत अशा शेतांच्या मातीत किलोमागे ४६ मिलिग्रॅमपर्यंत आर्सेनिक आढळले. बाधा नसलेल्या भागात ते १०च्या आत होते.

इतर धान्यांपेक्षा तांदळात आर्सेनिक जास्त उतरते, कारण तो चिखलात उभा असतो. पाण्याखालच्या मातीत प्राणवायू नसल्याने जमिनीखाली चालते तीच लोहाची प्रक्रिया इथेही चालते आणि आर्सेनिक मोकळे होते. भाताच्या मुळांत सिलिका शोषून घेण्याची जी वाट आहे, तिनेच हे आर्सेनिकही आत शिरते. सर्वांत जास्त मुळांत राहते, मग पेंढ्यात, मग तुसात, आणि दाण्यात सर्वांत कमी. पण पेंढा गुरे खातात आणि दाणा माणसे दिवसातून दोन-तीनदा खातात. प्रौढ माणूस दिवसाला ४०० ते ५०० ग्रॅम तांदूळ खातो, तिथे दाण्यातला अंशही मोठा होतो. फरीदपूरमधल्या प्रयोगात मातीतले आर्सेनिक वाढत गेले तसे हेक्टरी ७ ते ९ टन येणारे धान २ ते ३ टनांवर घसरले. दाणे भरत नाहीत, लोंब्या वजनाने न झुकता ताठ उभ्या राहतात. म्हणजे शेतकऱ्याचे आरोग्य आणि उत्पन्न दोन्ही एकाच पाण्याने जाते.

तांदळाचा धोका केवळ गणिती आहे का, याचे उत्तर कोलकात्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल बायोलॉजीच्या संशोधकांनी मँचेस्टरच्या सहकाऱ्यांसह २०१३ साली दिले. पश्चिम बंगालमध्ये ज्यांचे पिण्याचे पाणी मर्यादेत होते, पण शिजवलेल्या भातात किलोमागे २०० मायक्रोग्रॅमहून अधिक आर्सेनिक होते, अशा लोकांच्या पेशींत गुणसूत्रे तुटल्याच्या खुणा स्पष्टपणे वाढलेल्या आढळल्या. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०१४ साली पॉलिश केलेल्या तांदळासाठी असेंद्रिय आर्सेनिकची किलोमागे ०.२ मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली.

शिजवण्याच्या पद्धतीने बराच फरक पडतो. बंगाली घरांत तांदूळ धुऊन, पाचसहा पट पाण्यात शिजवून, पेज काढून भात वेळून घेण्याची जुनी रीत आहे. पाणी स्वच्छ असेल तर या रीतीने तांदळातले निम्म्याहून अधिक आर्सेनिक निघून जाते. मात्र पाणी लाल पंपाचे असेल तर भात उलट ते शोषून घेतो. उकडा तांदूळ करताना धान विषारी पाण्यात भिजवले-उकडले तरीही हेच होते. कुकरमध्ये पाणी पूर्ण जिरवून केलेल्या भातात सगळे आतच राहते. शेतात पाणी सतत तुंबवून न ठेवता आलटून-पालटून भिजवणे-सुकवणे, उंच वाफ्यांवर लागवड करणे आणि आर्सेनिक कमी घेणारे वाण निवडणे, हे उपाय प्रयोगांत उपयोगी ठरले आहेत. पाणी तोडल्यावर दाण्यात कॅडमियम वाढू शकते, म्हणून ती पद्धत जागा पाहून वापरावी लागते. पेज प्यायची, गुरांना घालायची की टाकून द्यायची, असा पुढचा प्रश्न गरीब घरात लगेच उभा राहतो, कारण पेज काढून टाकली की तिच्यातली जीवनसत्त्वेही जातात.

आडाईहजारच्या अभ्यासगटात २०००पासून सुमारे १२ हजार प्रौढांची नोंद ठेवली गेली. २०१० साली लॅन्सेटमध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार त्या गटातल्या मृत्यूंपैकी पाचांतला एक मृत्यू १० मायक्रोग्रॅमहून जास्त आर्सेनिक असलेल्या पाण्याशी जोडलेला होता. त्याच गटाच्या वीस वर्षांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी पाणी बदलले आणि ज्यांच्या लघवीतले आर्सेनिक प्रत्यक्षात घटले, त्यांचा हृदयविकार आणि कर्करोग यांनी मरण्याचा धोका, बदल न झालेल्यांच्या तुलनेत निम्म्यापर्यंत खाली आला होता.